रण

नकाशा पाळकसाहेबांच्या कपाटामागून निघाला.
पूर्व भाग, अशोक चौकापासून विडी घरकुलापर्यंत,
गल्ल्या पेन्सिलीनं, घरं ठिपक्यांनी.
लाल टाचण्या मी आणल्या,
पंचवीसची डबी, नव्या पेठेतून.

वहीवर ठळक लिहिलं : रणनीती.
खाली तीन महिने, बारा गल्ल्या,
रोज सात घरं, रविवारी अहवाल.
मागच्या पानावर माझी स्वतःची तयारी :
पहाटे साडेचारला गुडघ्यांवर. बुधवारी उपास.
तेलुगू अक्षरं, सगळी जिलबीच्या घाण्यातली,
दिवसाला चार.
चहा सोडणे.
(सोडला नाही.)

वही घेऊन सगुणा सिस्टरांकडे गेलो.
चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात
लोकांची लेकरं पहिल्यांदा हातात घेतलेली बाई.
पाटीत कडक भाकऱ्या उभ्या वाळत होत्या.
त्यांनी चष्मा पदरानं पुसला, वही लांब धरली,
आणि पहिल्याच शब्दापाशी थांबल्या.
“रण कुणाशी बाळा?”
म्हणालो, शब्दच तसा आहे, सगळे वापरतात.
“मग नीती ठेव. रण खोड.”
खोडलं.
नीती एकटीच राहिली,
वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखी.

“आन् आज रात्री एल्लव्वाकडं जा घरकुलात.
सांगू नकोस काही. तिचा पाण्याचा दिवस हाय.”

पाणी दीडला आलं, पाचव्या दिवसाचं,
आधी नुसती हवा, मग गढूळ, मग पाणी.
सतरा घागरी, दोन पिंपं,
शेजारच्या लंगड्या म्हाताऱ्याची एक बादली.
माझ्या पिशवीतली पत्रकं
दाराच्या खिळ्याला भिजत राहिली.
मी कोण, एल्लव्वानं विचारलं नाही.
कातडी चपलेसारखे झालेले हात पुसून
विड्यांचं सूप माझ्यापुढं सारलं.
डोळ्यांत मोतीबिंदू, कारखान्यात कारकून,
मोजणीत दर हजारी चाळीस-पन्नास
कुठं जातात ते कळत नाही.
“मोज.”

ओकटी, रेंडू, मुडू.
“मूsडू,” ती म्हणाली, लांब कर.
नालुगू, ऐदू.
पंचवीस झाल्या की लाल दोरा.
माझ्या सगळ्या अक्षरांपेक्षा हे आकडे लवकर आले,
कारण त्यांची कुणाला तरी गरज होती.

अकराव्या बंडलाला तिनं विचारलं,
“घरी कोण?”
कुणी नाही, म्हणालो.
मग, अन्ना आहे.
“जवळ?”
होटगी रोडला.
“येतो जातो?”
मोजणी चुकली.
बंडल सोडलं. पुन्हा ओकटीपासून.

आई गेली तेव्हा दोन खोल्या होत्या, एक शिलाई मशीन.
खोल्या मी घेतल्या.
मशीन शीलासनं रात्रीतून उचललं,
त्याला शिवता येत नाही तरी.
तीन वर्षं. मंदिरात तो डाव्या खांबाआड,
मी उजव्या,
आणि प्रभुभोजनाच्या रविवारी तो पहिल्या उपासनेला,
मी दुसऱ्या.
सात घरं रोज जायला निघालो होतो मी.
एक टाचणी नकाशाबाहेर होती,
कागदच तिथवर पोचत नव्हता.

शनिवारी गेलो. पिशवी नेली नाही.
ऊन असं की डांबर चपलेला धरून ठेवत होतं.
पंक्चरच्या टपरीत तो उकिडवा, मान खाली,
ट्यूब पाण्याच्या टोपल्यात दाबत.
मागे ताडपत्रीखाली मशीन,
त्याच्यावर त्याचा जेवणाचा डबा.
“हवा?” वर न बघता म्हणाला,
गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.
नाही, म्हणालो.
त्यानं आवाज ओळखला. हात थांबला,
पण ट्यूब सोडली नाही.
मी समोर बसलो, दुसरं टोक धरलं.
फिरवत गेलो, हळू, काळ्या पाण्यात,
बुडबुडा कुठून येतो ते बघत दोघंही.

रविवारी पाळकसाहेबांनी अहवाल मागितला.
लिहिलं : घरं, एक.
बसायला सांगितलं नाही.
चहा मागवला.